गोणीतली ऊब

गोणीत कोपरापर्यंत हात घातला आणि कनका तशीच थांबली. आत ऊब होती. उन्हाची म्हणावी तर ऊन होतं गच्चीवर, आणि गोण्या होत्या घरातल्या बोळात, जिथे भर मे महिन्यातही फरशी पायाला गार लागते. ही ऊब आतली होती. तापाने फणफणलेल्या पोराच्या काखेत हात गेला की लागते, तसली.

"मेलो आपण," ती पुटपुटली. आणि लगेच, "थांब, अजून नाही."

कारण ही काही पूर्वीची कनका नव्हती. सुट्टी लागायच्या आधी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिने अख्ख्या सभागृहासमोर मिठाची बाटली हलवून दाखवली होती, आणि अलकनंदा टीचर सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "या मुलीला गप्प बसवू नका." तेव्हापासून ते कुणाला जमलंच नव्हतं. अम्मा म्हणायची, टीचरला बोलायला काय जातंय, त्यांना थोडंच या घरात राहायचंय!

बाटली तिने आताही आणली. मीठ तव्यावर कोरडं भाजून कोरड्या बाटलीत घालायचं, वर मूठभर धान्य टाकायचं, बूच लावून खळाखळा हलवायचं. मीठ सुटं खाली पडलं तर धान्य कोरडं. काचेला चिकटलं तर ओलं. कनकाने धान्याऐवजी गोणीतल्या कांड्या टाकल्या आणि हलवलं.

मीठ काचेला असं बसलं की पलीकडची भिंत दिसेना.

गोण्या भरल्या त्या दिवशी हेच मीठ वाळूसारखं घरंगळत होतं. मग पाणी आलं कोठून?

या कांड्या म्हणजे अप्पांचा जीव होता. अप्पा, म्हणजे सेतुमाधव राव, एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. शाळेने ड्रॉइंगचा वर्ग बंद केला आणि अप्पा घरी बसले. घर जॉर्ज टाउनमध्ये, कोतवाल चावडीच्या भाजीबाजाराला लागून. संध्याकाळी बाजार उठला की रस्त्यावर कोबीच्या पानांचे, केळीच्या सोपटांचे, कंदांच्या सालींचे गुडघाभर ढीग पडायचे, सकाळपर्यंत त्यांचा चिखल व्हायचा, आणि त्यात तोंड घालून मद्रासच्या गाई पोट बिघडवून घ्यायच्या. सगळं टाउन नाकाला पदर लावून जायचं. अप्पा मात्र तिथे उभे राहून विचार करायचे. एक दिवस घरी येऊन म्हणाले, "कृष्णवेणी, तुझा शेवेचा साचा दे."

अम्माने पितळी साचा दिला तो गेलाच. त्याच्यावरून अप्पांनी लोहाराकडून लोखंडी साचा करवून घेतला, दोघांनी मिळून दांडा फिरवावा एवढा थोरला. पाला उन्हात वाळवून कुटायचा, त्यात भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड घालायची, आणि साच्यातून दाबून गुरांसाठी बोटाएवढ्या कांड्या पाडायच्या. पहिल्या कांड्या हातात घेताच भुगा झाल्या. मग अप्पांना सुचली पेज. लग्नांच्या छत्रात, म्हणजे कार्यालयात, पंक्ती उठल्यावर उरलेला भात फुकट मिळायचा. तो पुन्हा शिजवून त्याच्या पेजेत पीठ मळलं, कांड्या वाळल्या, आणि मोडताना कट्‌कन आवाज आला. त्या दिवशी अप्पांनी अम्माला पायसम करायला लावलं होतं.

आणि मग पहिल्याच गोण्यांना बुरशी आली.

गुरांचे डॉक्टर नारायणस्वामी एका दुग्धशाळेचं काम बघायचे. त्यांनी गोणीचं तोंड उघडलं, वास घेतला आणि पुन्हा बांधलं. "राव सार," ते तमिळमध्ये म्हणाले, "कल्पना नंबर एक. माल नंबर शून्य. आणखी एकदा येईन. त्यानंतर बोलावू नका."

ते आणखी एकदा येणं होतं उद्या.

उद्या जमलं नाही तर बिऱ्हाड उचलून तंजावूर. व्यासराज काकांचं पत्र येऊनच पडलं होतं, या म्हणून. काकांच्या घरी सगळं होतं, नारळाची झाडं होती, झोपाळा होता. फक्त पुढच्या वर्षीची एस.एस.एल.सी., म्हणजे मॅट्रिक, नव्हती. काकू गेल्या खेपेला कनकाला आपादमस्तक न्याहाळून म्हणाल्या होत्या, "उंच झालीस गे. आणखी शिकलीस तर तुझ्यापेक्षा उंच शोधायचा कोठे?"

तेव्हा कनकाला गप्प बसून चालणार नव्हतं. तिने जिन्याखालून हाक मारली, "अप्पा! खाली या. आणि रागवायचं ते मागाहून रागवा."

अप्पा रागावले नाहीत, तेच वाईट. त्यांनी एका गोणीत हात घातला, दुसऱ्या गोणीत घातला, आणि बोळातच भिंतीला टेकून बसले.

"निरोप देतो नारायणस्वामींना. येऊ नका म्हणून."

"निरोप कशाला? सूर्य अजून डोक्यावर आहे! गच्चीवर पसरू, संध्याकाळपर्यंत पापड होतील."

"आणि पुन्हा भरल्यावर? पुन्हा तेच. ही समुद्राची हवा आहे कनका, तिच्याशी कोण भांडणार?"

"समुद्राची हवा काय गोणीचं तोंड हुडकून शिरते? हे बघा ना, खालच्या कांड्या कशा ठणठणीत आहेत. ओल नुसती वर आहे, मधोमध."

अप्पांनी मान वर करून छताकडे बघितलं. महिनोन्‌महिने पावसाचा थेंब नव्हता, छत गळायचं कशाने!

"उंदीर असतील," अम्मा स्वैपाकघरातून म्हणाली.

"अम्मा! एवढं करायला उंदीर केवढा पाहिजे?"

अप्पा हसले नाहीत. पण उठले.

गच्चीवर जुनी वेष्टी, अप्पांचं धोतर, अंथरून त्यांनी सगळं पसरलं. उन्हाने डोळे चुरचुरत होते, पायाला चटके बसत होते, तरी कनका उकिडवी बसून एकेक कांडी निवडत होती. पांढरी लव आलेल्या कांड्या तिने एका टोपलीत वेगळ्या काढल्या. फार नव्हत्या. ऊब वेळीच हाताला लागली होती. आणखी थोडं थांबली असती तर टोपली पुरली नसती, गोण्याच लागल्या असत्या.

ऊन कलताना तिने बाटली हलवली. मीठ सुटं पडलं, सळसळ करत. अप्पांनी बाटली तिच्या हातातून घेतली, स्वतः हलवली, आणि पुन्हा हलवली.

"गोण्या इथेच ठेवू?" तिने विचारलं.

"दंव पडतं. पुढची खोली भाडेकरूची. बोळाशिवाय कोरडी जागा कोठली आपल्याकडे?"

म्हणून गोण्या पुन्हा बोळात आल्या. त्याच बोळात, जिथे काहीतरी होत होतं.

पहाटे कावळे बोलायच्या आधी कनका उठली आणि जिन्याच्या खालून तिसऱ्या पायरीवर परकर आवळून बसली. उंदीर असो, चोर असो, भूत असो, आज सापडलाच पाहिजे. छाती अशी धडधडत होती की चोराला तीच आधी ऐकू जाईल असं तिला वाटलं.

विहिरीवर रहाट वाजला. अलमेलू अत्याची आंघोळ.

अत्या अप्पांची थोरली बहीण. लहानपणी लग्न झालं, लहानपणीच संपलं, तेव्हापासून ती या घरात. मागची विहीर अत्याची, देवघरातले देव अत्याचे, आणि विहिरीपासून देवांपर्यंत जाणारा बोळही अत्याचाच. ओलेत्याने, पाण्याचा तांब्या घेऊन ती त्या बोळातून जायची तेव्हा घरातली मांजरंसुद्धा भिंतीला चिकटायची. अत्याचं सोवळं म्हणजे सोवळं! अप्पांनी तिच्या बोळात गोण्या रचल्या तेव्हा ती एक शब्द बोलली नव्हती. तेव्हाच घरच्यांना शंका यायला हवी होती.

अत्या आली. निथळत्या लुगड्याचा चपक चपक आवाज. पहिल्या गोणीशी ती थांबली. गोणीचं तोंड तिने चिमटीत धरून जरा रुंद केलं, ओठ हलवत काहीतरी पुटपुटली, आणि तांब्या तिरका केला.

"अत्या, नक्को!"

कनकाने जिन्यावरून उडीच मारली. पाणी पडायच्या आत तिने अत्याचं मनगट पकडलं. तांब्या कलंडला, पाणी सगळं कनकाच्या परकरावर. गोणी वाचली.

आणि मग कनकाला कळलं आपण काय केलं ते. आंघोळ न केलेली, रात्री अंगावर होते त्याच कपड्यांतली ती, सोवळ्यातल्या अत्याला शिवली होती. नुसती शिवली नव्हती, अजून धरून उभी होती.

तिने हात सोडला.

"अय्यो," अत्या एवढंच म्हणाली. तेही हळू, कारण पलीकडे अप्पा झोपले होते. "वेड लागलं काय गे तुला?"

"तू रोज पाणी घालतेस?"

"मग? घालू नको?" अत्याचा आवाज कुजबुजताना जास्तच धारदार होत असे. "कोणा कोणाच्या पंक्तीतला भात, कोणाचे उष्टे हात लागलेला, त्याची पेज करून तुझ्या बापानं गोण्या भरल्यान, आणि ठेवल्या कोठे? माझ्या देवाच्या वाटेवर! पदर लागतो जाता येता. शुद्ध नको करायला? मागल्या खेपेला नुसते थेंब शिंपडत होते. तो माल नासला. म्हटलं, माझंच कमी पडतंय. म्हणून या खेपेला तांब्याभर घालत्ये. आणि नुसतं पाणी नाही हो. सेतूचं काम होऊंदे म्हणून देवाला सांगून मग घालत्ये."

कनकाला हसू फुटेना आणि रडूही फुटेना.

"अत्या, त्या पाण्यानंच नासलं."

"देवाच्या पाण्यानं कधी काही नासत नाही."

जिन्याखालची टोपली कनकाने ओढून आणली आणि अत्याच्या पायाशी ठेवली. उजाडत होतं. पांढरी लव आलेल्या कांड्या त्या उजेडात स्पष्ट दिसत होत्या, आणि कुबट वास दोघींच्या मध्ये उभा राहिला.

अत्याने खाली वाकून बघितलं. मग सरळ झाली. तोंडावर काही दिसेना. रिकामा तांब्या उचलून ती विहिरीकडे परत गेली आणि रहाट पुन्हा वाजू लागला.

पुढे जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण कोणी बोललंच नाही. अत्या दुसऱ्यांदा आंघोळ करून आली आणि बोळाच्या तोंडाशी उभी राहिली. पाणी न शिंपडलेल्या गोण्यांजवळून सोवळ्यात जाता येईना. दुसरी वाट मागच्या गल्लीने, संडासावरून. तिचं तर नाव नको. इकडे कनका गोण्यांवर पाय दुमडून बसलेली, अंड्यावरच्या कोंबडीसारखी. अत्या हलेना, कनका उठेना. पूजा नाही म्हणजे नैवेद्य नाही, नैवेद्य नाही म्हणजे घरात कोणाच्या तोंडात घास नाही.

"आज घंटा का वाजली नाही?" अप्पांनी दाढी करता करता विचारलं.

अम्माने बोळात डोकावून बघितलं. एका टोकाला नणंद, मध्ये मुलगी. ती काही न विचारता कॉफीचं भांडं चुलीवरून उतरवून परत गेली. शहाणी बाई!

सांगून टाकावं अप्पांना? कनकाच्या जिभेवर ते दहादा आलं. पण अप्पांना ती ओळखत होती. ते रागवायचे नाहीत, नुसते म्हणायचे, "अक्का, तू?" आणि त्या दोन शब्दांनी अत्या दुपारच्या गाडीने तंजावूरला निघून गेली असती. कायमची. म्हणून ती बसून राहिली, पोटात कावळे कोकलत असताना, ओला परकर अंगावरच वाळवत.

डॉक्टर नारायणस्वामी सांगितल्या वेळेच्या आधीच आले. सायकलच्या घंटीनेच अप्पांचा चेहरा उतरला. डॉक्टर पायातल्या चपला काढून सरळ बोळात शिरले, आणि कनकाला गोण्यांवरून उतरावं लागलं. त्यांनी गोणीच्या तोंडाशी, मध्ये आणि तळाशी हात घालून कांड्या काढल्या. एक मोडली. कट्! एक हुंगली. एक चक्क दाताखाली धरून चावली आणि थुंकली. अम्माने पदर तोंडाला लावला.

"बरं आहे," डॉक्टर म्हणाले. अप्पांनी श्वास सोडला.

"पण मागच्या वेळी का नासलं?"

"सर, समुद्राची हवा..."

"हवा पुढच्या वर्षीही इथेच असणार, राव सार. म्हणजे माल पुन्हा नासणार. कारण कळलं नाही तर मी गाईंपुढे हे कसं टाकू? एक गोणी बुरशीची गेली आणि दहा गाई गाभडल्या, तर लोक माझ्या दारात येतील." ते कनकाकडे वळले. "ही तुमची मीठवाली मुलगी ना? तू सांग, पोरी."

सगळे तिच्याकडे बघत होते. आणि बोळाच्या टोकाला, अंगावरच वाळत आलेल्या लुगड्यात, अत्या बघत होती.

जिला कोणी गप्प बसवू नये अशी टीचरची आज्ञा होती, ती कनका गप्प बसली. एस.एस.एल.सी. एका पारड्यात, अत्या दुसऱ्या पारड्यात. तिने खाली फरशीकडे बघितलं.

"हं," डॉक्टर म्हणाले, आणि त्या 'हं'मध्ये काकांचा झोपाळा करकरलेला कनकाला ऐकू आला. "बघू, निदान गाय काय म्हणते ते बघू. गाय खोटं बोलत नाही."

समोर पूवरसाच्या झाडाखाली दूधवाल्याची गाय शेंबगम बांधलेली असायची. अप्पांनी ओंजळभर कांड्या तिच्यापुढे धरल्या. शेंबगमने हुंगलं आणि मान फिरवली. डॉक्टरांनी धरल्या. तिने फुस्‌कन नाकातून वारा सोडला, दोन कांड्या उडून गटारात गेल्या.

"तुमचं नाही खाणार," दूधवाला बिडी कानामागे खोचत म्हणाला. "रोज या वेळेला तिला पाट्टी घास देते. आज दिलाच नाही. रुसलीये. आता पाट्टीच्या हातचंच खाईल."

पाट्टी म्हणजे आजी, म्हणजे अत्याच. तिची ती जुनी रीत. नैवेद्य झाला की पहिला घास गाईचा, मग आपलं ताट.

"मग बोलवा पाट्टींना," डॉक्टर म्हणाले.

अप्पांनी डोळे मिटल्यासारखे केले. "ती सोवळ्यात आहे, सर. पूजा व्हायची आहे. आणि ह्यात पेज आहे, शिजलेल्या भाताची, लोकांच्या... ती हातात धरणार नाही. मी सांगणारही नाही तिला."

तेवढ्यात घरातून अनवाणी पावलांचा आवाज आला.

अत्या बोळातून आली. पहिली गोणी, दुसरी गोणी, सगळ्या गोण्यांना घासून, पदर आवरायची तसदी न घेता. उंबऱ्यावर ती क्षणभर थांबली, मग रस्ता ओलांडून अप्पांच्या पुढे उभी राहिली आणि तिने हात पुढे केला.

"दे."

"अक्का, तू सोवळ्यात..."

"दे म्हणते ना!"

तिने कोरड्या कांड्या कोरड्या हातात घेतल्या. वर पाण्याचा एक थेंब नाही. शेंबगमने अत्याचं मनगट हुंगलं, मग तळवा, आणि खरखरीत जीभ फिरवून सगळ्या कांड्या एकदम तोंडात घेतल्या. कडाम कुडूम आवाज रस्त्याच्या पलीकडे गेला. खाऊन झाल्यावर तिने आणखी मागायला नाक पुढे केलं.

अत्या डॉक्टरांकडे न बघता बोलली, तमिळमध्ये, त्यांना कळावं म्हणून. "मागल्या खेपेला पाणी पडलं. मी घालत होते, शुद्धीला. आता नाही पडायचं."

अप्पांचं तोंड उघडलं. "अक्का, तू?"

आलेच ते दोन शब्द!

"गप रे सेतू," अत्या म्हणाली. "गाईनं खाल्लं ते उष्टं कसलं? इतकं साधं मला कोणी सांगितलं नाही, तुम्ही अस्से शिकलेले!" आणि घराकडे वळत, "मी आंघोळीला चालले. तिसरी. विहीर आटली तर माझ्या नावानं ओरडू नका. आणि ए कनके, जेवायची घाई असेल तर फुलं काढून ठेव, आंघोळ करून! तशीच हात लावशील."

डॉक्टर नारायणस्वामींनी टाळू खाजवली. मग त्यांनी सायकलचा स्टँड काढला.

"पाणीच ना? मग ठीक. पाण्यावर इलाज आहे." एक पाय पेडलवर ठेवून ते थांबले. "राव सार, पहिली गाडी कधी पाठवता?"

"सोमवारी!" कनका ओरडली, इतक्या मोठ्याने की शेंबगमने दाव्याला हिसका दिला.

थोड्या वेळाने आत घंटा वाजली. अख्ख्या घराने एकदम श्वास घेतला, आणि अम्माने कॉफी चुलीवर ठेवली.

सोमवारी पहाटे कनका गोण्या मोजायला बोळात गेली तर अत्या तिथे उकिडवी बसलेली. पाण्याचा तांब्या लांब, जिन्यावर ठेवलेला. चिमटीतून तांदळाचं पीठ सोडत तिने प्रत्येक गोणीभोवती रांगोळीची रेघ ओढली होती. एरवी सडा घालून ओल्या जमिनीवर रांगोळी काढतात, म्हणजे ती बसते. इथे जमीन कोरडी ठाक. जरा वारा आला की पीठ उडायचं, आणि अत्या चरफडत पुन्हा रेघ ओढायची.

तिने मान वर केली नाही.

"काय बघतेस? जा, तुझ्या मिठाला विचारून ये, हे तरी चालतं का म्हणून."